वहिनी, तुझ्या मिशीवाल्यांचं काय करू?

वहिनी, तुझे मासे माझ्याकडे आहेत. नगरला, सावेडीतल्या आमच्या हॉलमध्ये. टीव्ही उचलून आतल्या खोलीत ठेवला आणि त्या जागी तुझी टाकी मांडली. सगळे जिवंत आहेत. हे आधी सांगते, कारण फोन उचलल्यावर तू पहिल्यांदा तेच विचारायचीस. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा तू आधी "मिशीवाले बरे हायत का?" विचारलंस आणि मग "बरं, तुला काय झालंय?" म्हणालीस.

तू जाऊन महिना होत आला. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नाही, संताप येतो. तुझ्यावर येतो, दादावर येतो, मालनकाकूवर तर येतोच येतो. आणि ज्या माणसापुढे मी इतकी वर्षं सगळ्यांची गाऱ्हाणी मांडली ते माणूसच उरलं नाही, म्हणून हे कागदावर. तुला वाचायचा कंटाळा, माहीत आहे मला. या वेळी ऐकून घे. मधे तोंड घालायची सोय नाही तुला, तेवढं एक बरं झालं.

दादा आणि मी बोलत नाही. तेराव्यानंतर मी त्याच्याशी भांडून निघून आले, त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. आई-अप्पा गेल्यावर काष्टीत माझं माहेर राहिलं ते तुझ्यामुळे. दादा माणूस सोन्यासारखा, पण त्याला "ये" म्हणता येत नाही. दारात उभा राहील, पिशवी हातातून घेईल, पण "ये" म्हणायचीस ती तू. आता ते म्हणणारं कुणी नाही. मग माझं माहेर संपलं का? बाकी सगळं मी माझं बघून घेईन, पण एवढं मला तुझ्याकडून हवंय, आणि ते विचारायचं तर सगळं पहिल्यापासून काढावं लागेल.

टाकी मुळात तुझी नव्हतीच. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं म्हणून कुणा वास्तुवाल्याने दादाला सांगितलं, घराच्या ईशान्य कोपऱ्यात मासे ठेवा, बरकत येईल. दिवसभर मोटारी रिवाइंड करणाऱ्या, तांब्याच्या तारा गुंडाळणाऱ्या माणसाने हे ऐकावं! पण ऐकलं. लाल-सोनेरी मासे आणले, बोअरच्या मचूळ पाण्यात सोडले, सकाळ-संध्याकाळ मूठमूठ खाद्य टाकलं. ते पटापट मेले. मग दौंडच्या दुकानदाराने तळाशी फिरून घाण खाणारे थोडे मासे दादाच्या गळ्यात मारले. त्यांनी तरी टाकी साफ राहील म्हणे. दादाचा उत्साह तिथेच संपला. टाकी राहिली ती तुझ्याकडे, घरातली बाकी सगळी कामं राहतात तशी.

तेच हे मिशीवाले. दुकानदार त्यांना कोरी म्हणायचा. बोटाच्या दोन पेरांएवढे, ठिपक्याठिपक्यांचे, वाळूत तोंड खुपसून मिशांनी चाचपत फिरणारे. मधेच एखादा सुसाट वर जाणार, पाण्याबाहेरची हवा गिळणार आणि पुन्हा खाली येऊन काही झालंच नाही असा बसणार. मी दिवाळीला आले तेव्हा तू मला हाताला धरून टाकीपाशी नेलंस. "बघ, डोळा मारतोय मेला." मला वाटलं, काहीतरीच. तेवढ्यात त्याने खरंच डोळा खाली फिरवून पुन्हा वर केला. तू म्हणालीस, "तुझ्या दादानं आख्ख्या जन्मात एकदा डोळा मारला न्हाई, ह्यो रोज मारतोय." दादा आत जेवत होता. त्याला ठसका लागला.

मग तो उन्हाळा आला. दिवसभर लाईट नव्हती, टाकीचं पाणी तापलं, मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. तू काय करावंस? माठ उचललास आणि ओतलास टाकीत. दुसऱ्या दिवशी मला फोन. "संगे, काचंवर साबुदाना चिकटलाय. पुसला तर निघंना." मी कामावर, कॉलेजच्या लॅबमध्ये होते. तिथल्या कॉम्प्युटरवर शोधलं आणि फोनमध्ये ओरडले, बाई, पुसू नकोस, ती अंडी आहेत! गार पाणी मिळालं की या माशांना वाटतं पाऊसपाणी झालं, आणि ते अंडी घालतात. तू म्हणालीस, "निम्मी पुसली गं मी." तुझा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तोवर आपण नणंद-भावजय होतो. म्हणजे सणासुदीला गोड बोलायचं आणि पाठ वळली की उणीदुणी काढायची. त्या दिवसापासून आपण मैत्रिणी झालो असं लिहायला हात धजत नाही, तूच खदखदून हसशील. भांडखोर भागीदार झालो म्हणू. तू पाण्याच्या जारमध्ये थोडे मासे घालून मला दिलेस, मी ओट्याशेजारी लहानशी टाकी मांडली, आणि आपलं सुरू झालं.

भांडण एकच, पण वर्षानुवर्षं पुरलं. मी म्हणायचे, अंडी बोटाने अलगद काढून वेगळ्या टबात ठेवायची आणि पाण्यात निळ्या औषधाचे थेंब टाकायचे. मग बुरशी धरत नाही आणि आईबापही खात नाहीत. तू म्हणायचीस, हात लावू नकोस. "आईबापाजवळची लेकरं वायली काढायची न्हाईत. जगायचं ते जगंल." माझ्याकडे टबात भरपूर पिल्लं फुटायची आणि आठ दिवसांत एकेक करून तळाला पांढरी पडायची. तुझ्याकडे अंडी काचेवरूनच नाहीशी व्हायची, आणि वर्षा-सहा महिन्यांनी एखादं पिल्लू दगडामागून बाहेर आलं की तू नातू झाल्यासारखा फोन करायचीस. म्हणजे दोघींचंही चूकच होतं. पण कबूल कोण करणार? मी तुला अडाणी म्हणायचे, तू मला "सायन्सवाल्या वन्सं" म्हणायचीस. वन्सं म्हणालीस की समजायचं, पारा चढलाय. एरवी मी संगी.

पिल्लांच्या खाण्यासाठी मी तुला डबी दिली होती, आंबवलेल्या कणकेत वळवळणाऱ्या बारीक किड्यांची. ती तू लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलीस. मालनकाकू, आमची चुलती, शेजारच्याच घरात राहणारी. तिने इडलीचं पीठ समजून ती उघडली आणि आळीभर बोंब मारली. वर तुला ऐकवलं, "तुज्या माह्यारी पाथर्डीला प्यायला टँकर येतो, अन् हितं माशांच्या आंघुळी!" तू म्हणालीस, "म्हनून तर पान्याची किंमत मला हाय, काकू." आणि होतीच. बोअरचं पाणी माशांना जड जातं म्हणून तू पत्र्यावरचं पावसाचं पाणी निळ्या पिंपात साठवायचीस. त्या पिंपाला हात लावायची दादाचीसुद्धा हिंमत नव्हती.

मग गेल्या दिवाळीनंतर तुझे फोटो यायला लागले. टबात पिल्लं, चांगली मोठी, मिशा फुटलेली. एका महिन्यात एक खेप, पुढच्या महिन्यात दुसरी. मी वेडी व्हायची बाकी राहिले. इतकी वर्षं जे दोघींना जमलं नाही ते हिला एकटीला कसं जमलं? लगेच फोन केला. तू म्हणालीस, "फोनवर सांगून कळायचं न्हाई. ये, मग दावते."

मी आले. संगीता येत नव्हती असं कुणी म्हणू नये. नगर-दौंड गाडी पकडून प्रत्येक फोटोमागे आले. आले की आधी चहा, मग जेवण, मग माझ्या सासूची यथासांग चिरफाड. पिल्लं दाखवायचीस, पण कशी वाढवलीस विचारलं की "आधी गरम हाय तवर भाकरी खा." मी म्हणायचे, अगं, अंड्यातून निघतात तेव्हा सुईच्या टोकाएवढी असतात, ही एकदम एवढी कुठून झाली? मधली कुठे गेली? "काष्टीची हवा हाय बाई. तुझ्या नगरच्या धुरात न्हाई वाढायची." निघायची वेळ झाली की, "पुढच्या बारीला ये, अंडी घालतील तवा डोळ्यांदेखत दावते." मी दात-ओठ खात परत जायचे. महिन्याने पुन्हा फोटो, पुन्हा गाडी, पुन्हा भाकरी.

बारीक झाली होतीस. मी म्हटलंही तसं. तू म्हणालीस, "जळतीस व्हय?" आणि मी खरंच थोडी जळले.

शेवटचा फोन आठवतो का? "संगे, ह्या खेपेला खरंच जगलीत गं." मी म्हटलं, "मग आधीची काय खोटी होती?" तू हसलीस. एवढी हसलीस की खोकल्याची उबळ आली. "ये बाई," म्हणालीस, "लौकर ये." मी म्हटलं, पोरांची प्रॅक्टिकल्स चालू आहेत, रविवारी येते. तू "बरं" म्हणालीस. वहिनी, रविवार काय एवढा लांब होता? आयुष्यभर माझ्याशी शेवटचा शब्द आपलाच असावा म्हणून झगडलीस, आणि त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास!

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि मागच्या दारी बायका घरातलं पाणी ओतत होत्या. रीत आहे, मला माहीत आहे. माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. हंडे-कळश्या पालथ्या झाल्या होत्या. माठ रिकामा झाला होता. निळं पिंप आडवं पडलं होतं आणि तुझं पावसाचं पाणी गटारीला लागलं होतं. आणि मागच्या पडवीत पांढरा टब होता. बुरशी धरू नये म्हणून बदामाची वाळकी पानं टाकल्यामुळे त्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. मी दारात पाऊल टाकायला आणि मालनकाकूने तो टब उचलून कढीपत्त्याच्या बुडाशी उपडा करायला एकच गाठ पडली.

मी ओरडले का ते आठवत नाही, धावले ते आठवतं. मातीत बसून पानं उलटीपालटी केली. ओल्या मातीवर ती दिसत होती. बारीक, काचेसारखी, डोळे तेवढे काळे. बोटाने उचलायला गेलं की बोटालाच चिकटून फाटायची. बायकांना वाटलं, नणंद भावजयीसाठी माती कवटाळून रडतेय. दोघीतिघींनी मला दंडाला धरून उठवलं आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"काय शोधतीस गं? पाल्याचं घान पानी हुतं त्ये," काकू म्हणाली.

"पिल्लं होती त्यात."

"पिल्लं? माज्या नदरंला तर काय पडलं न्हाई."

नसतीलच पडली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती कशी दिसावीत? पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मला तिचा गळा धरावासा वाटत होता. त्यात ती हॉलमध्ये येऊन टाकीकडे बोट करून म्हणाली, "हीबी ओता आता. मयताच्या घरात भरल्यालं पानी कशापायी?" चौघांनी टाकीला हात घातला. मी काचेला पाठ लावून उभी राहिले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, सुतकात बोलू नये असं बोलले. अखेर कुणीतरी म्हणालं, लई जड हाय, राहू द्या, दहावं झाल्यावर बघू. तुझे मासे माझ्या आरडाओरड्याने वाचले नाहीत, वजनामुळे वाचले.

मी तेराव्यापर्यंत राहिले. येणारी माणसं टाकीपाशी बसायची आणि जाताना काहीतरी टाकून जायची. कुणी बिस्किटाचा चुरा, कुणी पोळीचा तुकडा, पुण्य म्हणून. मी पाठीमागून नळी लावून ते उपसत बसायचे. आणि डोक्यात सतत तेच. कशी जगवली हिने? टब गेला, पिंप गेलं, सांगणारी गेली. तुझा लेक अक्षय पुण्याला परत गेला आणि घरात दादा नि मी दोघंच उरलो, तेव्हा मी दिवेलागणीला दादाला विचारलं.

"दादा, ती पिल्लं कशी वाढवायची रे वहिनी? तुला तरी ठाऊक असेल."

"कंची?"

"फोटोतली. दर महिन्याची."

दादा टाकीकडे बघत म्हणाला, "ती दौंडातनं आनल्याली."

मला वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झालाय. पण तो सांगत राहिला. "म्हैन्याला तिला तपासनीला दौंडला न्यायला लागायचं. येताना दुकानातनं पिशवी घ्यायची. ती गाडीत बसून ऱ्हायची, मी आनायचो. घरी आलं की टबात सोडायची, फोटू काढायची, तुला धाडायची. मग आडवी व्हायची."

"कसली तपासणी?"

मग त्याने सांगितलं. पोटातलं दुखणं, पुण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच हात टेकलेले. तुला माहीत होतं, दादाला माहीत होतं, अक्षयला माहीत होतं. मला नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर दादा म्हणतो, "शपथ घातली हुती तिनं. संगी रडत आल्याली नको मला, म्हनायची. भांडत आल्याली पायजे. अन् पिल्लं म्हनलं की तू येतीस."

मी फोन काढून ते फोटो पाहिले. टबातली पिल्लं, टबाच्या कडेला तुझी दोन बोटं. प्रत्येक फोटो म्हणजे दौंडची एक फेरी. आणि मी खाली काय काय लिहिलं होतं! "पद्धत सांग." "लपवू नकोस." "एकदा तरी खरं सांग गं बाई." त्यावर तू हसणारी तोंडं पाठवली होतीस.

मातीतली ती फोटोतल्यांएवढी मोठी नव्हती, तरी माझ्या मनात एकच आलं. चला, म्हणजे काकूने ओतली तीही दुकानातलीच. तेवढाच जिवाला दिलासा. मी विचारलंही तसं.

"न्हाई," दादा म्हणाला. "ती हितलीच. तिची. पलंग हॉलात आनला हुता, काच समोर दिसायची. अंडी दिसली तशी मला हाक मारली. पडल्या पडल्या सांगायची अन् मी बोटानं काढायचो. संगी म्हनती तसं कर, म्हनली. निळं औषिद टाक. फुटली. खायला लागली. आठ दिस गेले, धा दिस गेले, मरंनात. तवा तुला फोन केला तिनं."

म्हणजे वाद मी जिंकले. तू माझ्या पद्धतीने अंडी काढलीस, पिल्लं जगली, आणि मी पोचायच्या आत ती कढीपत्त्याच्या बुडाला गेली. असं जिंकून काय करू? तुला "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं एकदा तरी म्हणायचं होतं मला. त्यासाठी मी इतकी वर्षं भांडले.

मी दादावर तुटून पडले. दोघंही खोटारडे आहात म्हटलं. मी परकी होते का म्हटलं. आणि शेवटी, "तुला माहीत होतं ना त्या टबात काय आहे? मग काकू ओतत होती तेव्हा कुठे होतास तू?"

"तिच्यापाशी," दादा म्हणाला.

उत्तर सुचलं नाही की मी आणखी चिडते, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, उद्या मी टाकी घेऊन जाते, इथे हिला बघायला कुणी नाही. तो म्हणाला, "ने." सकाळी त्याने बरंचसं पाणी उपसून टाकी स्वतः टेम्पोत चढवली, लाईट गेली तरी चालावा म्हणून त्याने तुझ्यासाठी बनवलेला बॅटरीवरचा हवेचा पंपही जोडून दिला, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मी अंगणात पिशवी घेऊन उभी. दारात येऊन कुणी "पोचलीस की फोन कर" म्हणालं नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, काष्टी सोडताना तसं पहिल्यांदाच घडलं.

सांगायचं होतंस गं. मी रडत आले असते, हो, आले असते. दोन दिवस रडले असते. तिसऱ्या दिवशी तूच असं काहीतरी बोलली असतीस की मी रडणं सोडून भांडायला लागले असते. एवढीही खात्री नव्हती तुला माझी? तुझे पाय चेपले असते, तुला वेणी घातली असती. ते राहिलं बाजूला, आणि मी तुला बारीक झालीस म्हणून डाएट विचारत बसले! फार फसवलंस. आणि फसवून काय मिळवलंस, तर नणंदेची कटकट.

तरी एक आहे. त्या महिन्यांत मी काष्टीला जेवढी आले तेवढी लग्नानंतर कधीच आले नव्हते. तेवढ्या भाकऱ्या, तेवढ्या गप्पा, सासूच्या नावाने तेवढं हसणं. उभं राहवत नसताना तू चुलीपुढे उभी राहिलीस. माझं माहेर तू मला शेवटी शेवटी दोन्ही हातांनी वाढलंस, आणि मी ते पिल्लांच्या मागे लागून खाल्लं. त्याबद्दल तुझे पाय धरते. पण राग आहे तो आहेच.

इकडे आल्यावर मासे रुसले. खायचे नाहीत, कोपऱ्यात गठ्ठा करून बसायचे. मी माठ आणला, फिल्टरचं पाणी त्यात गार केलं आणि ओतलं टाकीत, तुझ्यासारखं, मोजमाप न करता. दोन दिवसांनी काचेवर अंडी. बोटाने अलगद सगळी काढली. टब, निळे थेंब, बदामाची पानं, सगळं यथासांग. एकही फुटलं नाही. सगळी पांढरी पडून त्यांना कापसासारखी बुरशी आली. आमचे हे म्हणाले, "आता नाद सोड." मी त्यांनाही चार शब्द ऐकवले.

त्यातच अक्षयचा फोन आला. दादाने दुकान उघडलेलं नाही. काकू डबा देते, तो तसाच परत जातो. टाकी होती त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसून असतो. पुण्याला चल म्हटलं तर नाही म्हणतो. "आत्या, तू बोल ना एकदा," अक्षय म्हणाला. मी काय बोलणार? त्याला नीट दोन वाक्यं बोलायची सवय नाही आणि मला न भांडता बोलायची. आमच्या दोघांमधलं सगळं बोलणं तूच करायचीस. त्याचं मला सांगायचीस, माझं त्याला.

काल मी त्या पांढऱ्या अंड्यांचा टब समोर ठेवून तुझा नंबर लावला. का लावला ते विचारू नकोस. चिडले होते, आणि चिडले की मी तोच लावते. वाटलं, बंद असेल. तर रिंग गेली. दादाने तुझा फोन चार्ज करून ठेवलाय.

"हां," तो म्हणाला.

ठेवून देईल असं वाटलं, म्हणून तोंडात आलं ते बोलले. "दादा, अंडी घातली होती. फुटली. पिल्लं झालीत."

"जगलीत?"

मी टबात पाहिलं. "जगलीत. बघायला ये."

असल्या फोनचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? त्याच्याच हाताने झालेलं सगळं. मला वाटलं, आता हा मला शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मी ऐकूनही घेतल्या असत्या.

"केवढी हायत?" त्याने विचारलं.

"चांगली मोठी आहेत."

त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "उद्या येतो. दौंडावरनं येतो."

काष्टीहून नगर एका अंगाला आणि दौंड दुसऱ्या. नगरला येणाऱ्याने आधी दौंडला जायचं म्हणजे शुद्ध उलटी वाट.

मी म्हटलं, "ये. मी टब धुऊन ठेवते."